खेकड्याचं पान कोरं का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'पर्यावरण' असं लिहिलंय. ते वाचून काही जणींनी झाडं लावा, प्लॅस्टिक टाळा, हे ऐकायची मनाची तयारी केली असणार. आज ते नाही. आज मी मुठ्यांवर बोलणार आहे, म्हणजे आपल्या ओढ्यातल्या आणि भातखाचरातल्या खेकड्यांवर. आणि नोंदींवर. मी समाजकार्य शिकलेली मुलगी, प्राणिशास्त्र शिकलेली नाही. बिळातून खेकडा कसा काढायचा हे मला तुमच्यातल्याच एका काकूंनी दाखवलं. त्यामुळे कुठे काही वेगळं वाटलं तर मध्येच टोका, तुम्ही तशाही टोकताच.

बँकेपासून सुरुवात करते, कारण ती गोष्ट आपल्या सगळ्यांच्या अंगावरून गेलेली आहे.

एखादी ताई पहिल्यांदा स्वतःच्या नावावर कर्ज मागायला जाते. वीस वर्षं तिने घर चालवलंय. किराणावाल्याची उधारी थकवली नाही, भिशीचा हप्ता चुकवला नाही. बँकेतला माणूस कॉम्प्युटरवर तिचं सिबिल बघतो. तिथे चांगले गुण नसतात, वाईट गुणही नसतात. उणे एक असं येतं, नाहीतर 'एनएच'. एनएच म्हणजे नो हिस्ट्री, या बाईचा इतिहास नाही. चाळीस वर्षांची बाई समोर बसलीय आणि इतिहास नाही! खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की आमच्या कागदावर हिची माहिती नाही. पण व्यवहारात काय होतं ते तुम्ही जाणता. जामीनदार आणा, नवऱ्याला घेऊन या, पुढच्या महिन्यात या. माहिती नाही, म्हणजे भरवसा नाही, असा हिशोब लागतो.

आपल्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्या जोडीला नोंदी का आहेत, हे मला बँकेच्या त्या खिडकीसमोर उभं राहिल्यावर नीट समजलं. कॉलेजात ते पाठ केलं होतं फक्त.

आता असंच एक खातं प्राण्यांचं आणि झाडांचं आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, इंग्रजी आद्याक्षरांनी आययूसीएन, नावाची संस्था आहे. 1948 साली स्थापन झाली, मुख्य कचेरी स्वित्झर्लंडमध्ये. 1964 पासून ही संस्था 'लाल यादी' ठेवते. जगातली कुठली जात किती धोक्यात आहे, याची ही यादी. आतापर्यंत 1,60,000 हून जास्त जाती त्यांनी तपासल्यात आणि त्यातल्या 45,000 हून जास्त धोक्यात निघाल्यात. प्रत्येक जातीला एक शेरा मिळतो. नामशेष, अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त, असुरक्षित, असं करत करत खाली 'फारशी चिंता नाही' इथपर्यंत. आपण कर्जदारांचे गट पाडतो ना, नियमित, थोडी थकलेली, बुडीत, तसंच.

पण या शेऱ्यांच्या बाजूला आणखी एक शेरा आहे, 'माहिती अपुरी'. ही जात कुठे कुठे आहे, किती आहे, वाढतेय की घटतेय, हे ठरवायला पुरेशी माहितीच नाही. तपासलेल्या सातआठ जातींमागे साधारण एका जातीला हा शेरा आहे. आणि तुम्हाला वाटेल, असतील कुठले तरी बारीक किडे. तर ऑर्का नावाचा समुद्रातला मोठा शिकारी प्राणी आहे, आपल्या एसटीच्या निम्म्याहून लांब. जगातल्या सगळ्या महासागरांत दिसतो, सिनेमात दिसतो, आणि त्यालासुद्धा हाच शेरा आहे. कारण ती एकच जात आहे की तीनचार वेगळ्या जाती एका नावाखाली मोजल्या जातायत, यावर अजून एकमत नाही.

नियम सांगतो, की 'माहिती अपुरी' म्हणजे धोका आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. अजून माहिती गोळा करा, उद्या ही जात धोक्यात निघू शकते, एवढंच. पण इथेही कागदावर एक आणि व्यवहारात दुसरं. पैसा, माणूसबळ, संरक्षण हे सगळं जातं धोक्यातल्या जातींकडे. कुठे रस्ता, धरण, खाण, फार्महाऊस होणार असेल तर बघितलं जातं ते धोक्यातल्या जाती आहेत का तेवढंच. ज्यांची माहिती नाही त्यांचं नाव त्यात येत नाही, आणि नाव आलं नाही की वाटतं, सगळं ठीक असणार.

म्हणजे गंमत बघा. बाईची नोंद नाही, तर बँक म्हणते भरवसा नाही. खेकड्याची नोंद नाही, तर साहेब म्हणतात काळजी नाही. एकाच रिकाम्या रकान्याचे दोन उलटे अर्थ, आणि दोन्हीकडे तोटा ज्याची नोंद नाही त्याचाच.

खेकड्याचं मी उगाच म्हणत नाहीये. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा जगभरचा हिशोब 2009 साली पहिल्यांदा मांडला गेला. तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या, म्हणजे 1,280 जाती तपासल्या. त्यातल्या 628 जातींपुढे 'माहिती अपुरी' लिहावं लागलं. जवळजवळ निम्म्या! आपल्या गटात वीस जणी असाव्यात आणि दहा जणींची पासबुकं कोरी असावीत, असं ते आहे.

आणि आपला सह्याद्री तर खेकड्यांच्या बाबतीत फार श्रीमंत. इथे अजूनही नव्या जाती सापडतायत. घाटावरून नाव पडलेली 'घाटियाना' नावाची खेकड्यांची अख्खी प्रजाती शास्त्राच्या वहीत आली ती 2014 मध्ये. 2016 मध्ये एकाच शोधनिबंधात पाच नव्या जाती आल्या. नव्या म्हणजे शास्त्राला नव्या. खेकडे तर तिथे होतेच, आपल्या आज्यांच्या आज्यांपासून.

इतक्या वेगवेगळ्या जाती का, याचं कारण तुम्हाला आधीपासून माहीत आहे. खेकडीचं पोट उलटून बघितलंय ना? रुंद झाकणासारखं असतं, नराचं अरुंद, टोकदार. त्या झाकणाखाली ती अंडी धरते, आणि पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस तिथेच सांभाळते. समुद्रातल्या चिंबोरीची पिल्लं आधी बारीक जंतूसारखी असतात, पाण्याबरोबर वाहत लांब लांब जातात. आपल्या ओढ्यातल्या खेकड्याचं तसं नाही. अंडी मोठी पण मोजकी, आणि त्यातून थेट छोटा खेकडाच बाहेर येतो. तो फार लांब जात नाही. मग एका डोंगरावरचे खेकडे पिढ्यान् पिढ्या तिथेच राहतात आणि पलीकडच्या डोंगरावरचे हळूहळू वेगळे होत जातात. म्हणूनच एखादी जात फक्त एका घाटात, एका पठारावर असू शकते. आणि म्हणूनच तो एक ओढा आटला, किंवा त्या एका कातळावर जेसीबी फिरला, तर ती जात संपू शकते. दुसरीकडून पोरं वाहत येऊन पुन्हा वस्ती होणार नाही. तिचं नाव यादीत नसेल तर ती संपली हेही कुणाला कळणार नाही.

आता नावांचा घोळ ऐका. तुम्ही मुठे म्हणता. खाली कोकणात गेलं की किरवे, आणखी खाली कुर्ल्या. कुणी नुसतं खेकडा म्हणतं, कुणी सगळ्यालाच चिंबोरी. दोन वर्षांपूर्वी एका वाडीवर मी विचारलं होतं, तुमच्याकडे खेकडे किती प्रकारचे? आधी उत्तर आलं, खेकडा तो खेकडा, प्रकार कसले! मग एक आजी म्हणाल्या, काळा तो खायचा, कातळावरचा तांबडा तो बघायचा, आणि खाचरातला बारका तो पोरांनी पकडून खेळायचा. मग दुसऱ्या मावशींना आठवलं, की झाडाच्या ढोलीत पाणी साचतं तिथेही एक असतो. पाच मिनिटांत चार झाले. या चार शब्दांत जेवढी माहिती आहे, तेवढी मिळवायला बाहेरून आलेल्या माणसाला दोन पावसाळे राहावं लागेल. पण आजींचं म्हणणं कुठल्या कागदावर गेलं नाही. माझ्या डायरीत आहे, तेवढंच.

आता तुम्हाला एका पक्ष्याची गोष्ट सांगते, कारण माहिती नसण्यापेक्षा खोटी माहिती किती महाग पडते ते त्यातून कळतं.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. ॲलन ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याने 1873 साली त्याची पहिली नोंद केली. हे तेच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात वाचतो. त्यानंतर हा पक्षी थोडक्याच ठिकाणी मिळाला. त्यातलं एक ठिकाण आपलं खानदेश. जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने तिथून 1884 साली शेवटचा नमुना घेतला. नमुना म्हणजे मारून, पेंढा भरून संग्रहालयात ठेवलेला पक्षी. पायाला चिठ्ठी, कुठे आणि कधी मिळाला त्याची. पुढे दुसऱ्या एका संग्राहकाच्या, रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात आणखी एक रानपिंगळा निघाला. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, गुजरात, 1914. मग ज्यांनी ज्यांनी या पक्ष्याचा विचार केला त्यांना वाटलं, चला, तीस वर्षांनंतरही होता, आणि गुजरातेत होता.

ती चिठ्ठी खोटी होती. तो पक्षी संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता, नव्याने पेंढा भरून, नवी चिठ्ठी बांधून ठेवलेला. अमेरिकेतल्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे शिवणीपासून तपासून शोधून काढलं. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढत त्या दोन सहकाऱ्यांबरोबर जुन्या ठिकाणी गेल्या. 25 नोव्हेंबर 1997 ला शहाद्याजवळ, नंदुरबारच्या बाजूला, दिवसाउजेडी झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. 113 वर्षांनी! त्यानंतर लोक नीट शोधायला लागले तेव्हा तो मेळघाटात दिसला, यावलला दिसला, 2014 मध्ये अगदी ठाण्याच्या तानसा अभयारण्यातही दिसला. माहिती वाढली तशी 2018 मध्ये लाल यादीत त्याचा शेरा अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्तवर आला. म्हणजे माहिती आली की नेहमी वाईटच बातमी येते असं नाही.

मला या गोष्टीत वेगळाच प्रश्न पडतो. हा पिंगळा रात्रीपेक्षा दिवसा जास्त हिंडतो. विरळ सागवानात, उघड्या फांदीवर बसतो. त्या 113 वर्षांत शहाद्या-तोरणमाळच्या रानात मोळीला जाणाऱ्या, मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायका नव्हत्या का? त्यांना तो दिसला नसेल? दिसला असणारच. त्यांच्यासाठी तो हरवलेला नव्हताच. पण शास्त्राची वही आणि त्या बायका यांची गाठ पडली नाही.

थोडी आकडेमोड आणखी, मग सोडते. 2022 मध्ये नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी 'माहिती अपुरी' शेरा असलेल्या 7,699 जाती घेतल्या आणि कॉम्प्युटरवर अंदाज बांधला. या जाती जिथे राहतात तिथलं जंगल, तापमान, प्रदूषण, माणसाची वर्दळ, सगळं धरून. अंदाज निघाला, की निम्म्याहून जास्त, 56 टक्के जाती बहुधा धोक्यात आहेत. बेडकांच्या कुळात तर 85 टक्के. हा अंदाज आहे, मोजणी नाही. तरी एवढं सांगतो, की कोऱ्या रकान्याला 'ठीक असेल' समजणं धोक्याचं आहे.

आता आपल्या गावाकडे येते.

2002 साली जैविक विविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. 2004 च्या नियमांत या समितीवर ग्रामपंचायतीने नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात असं सांगितलं. आणि समितीचं मुख्य काम काय, तर लोकांना विचारून 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करणं. गावातली पिकं, बियाणं, रानभाज्या, औषधी झाडं, मासे, जनावरं, पक्षी, त्यांचे उपयोग, त्यांच्यात झालेला बदल, सगळं त्यात यायचं. ही कल्पना 1990 च्या दशकात पुढे आणण्यात आपल्या पुण्याच्या माधव गाडगीळ सरांचा मोठा वाटा. कल्पना उत्तम आहे. पण वर्षानुवर्षं फार थोड्या नोंदवह्या झाल्या. मग राष्ट्रीय हरित लवादाने राज्यांना 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली, नाहीतर महिन्याला दहा लाख दंड. झालं, धावपळ सुरू!

धावपळीत लिहिलेली वही कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. ऑडिट उद्या आहे म्हणून रात्री बसून भरलेलं इतिवृत्त आठवा. सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाने. आपल्या भागातल्या एका गावची नोंदवही मी बघितली, गावाचं नाव घेत नाही. झाडांची यादी छान छापलेली, त्यात त्या गावात मुळीच नसलेली झाडंही होती. रानभाज्यांची ओळख करून देणाऱ्या बायका गावात डझनाने असताना रानभाज्या सातच. आणि खेकड्याच्या जागी एकच शब्द, 'खेकडा'. कुठला, कुठे, कधी, किती, पुढचे रकाने कोरे. समितीवर महिला होत्या का? होत्या. एका ताईंना मी भेटले तर त्यांना आपण समितीवर आहोत हेच माहीत नव्हतं.

हे बदलता येतं. बियाण्यांचं उदाहरण समोर आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी वाणं जपत गेल्या, प्रत्येक बियाणं वेगळं ठेवत गेल्या, आणि 2020 ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. त्यांच्यासारखी माहिती असलेल्या बायका प्रत्येक वाडीत आहेत. फरक एवढाच, की त्यांनी ती वेगवेगळी ठेवली आणि कुणीतरी ती लिहिली.

आता तुमच्यातल्या काही जणी मनात म्हणत असतील ते मीच बोलते, कारण मागे एका वाडीवर मला तोंडावर विचारलंय. "ताई, आम्ही लिहून दिलं, खेकडे कमी झालेत म्हणून, आणि उद्या वनखात्याने धरायलाच बंदी घातली तर? पावसाळ्यात पोरांच्या ताटात काय वाढू?"

हा प्रश्न खोटा नाही. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्यांनी असले अनुभव घेतलेत. मी त्यावर शपथ घेऊ शकत नाही. दोन गोष्टी मात्र सांगते. एक, लाल यादीत नाव येणं म्हणजे कायद्याने बंदी नव्हे. आपल्या देशात बंदी ठरते ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांवरून, ती वेगळी प्रक्रिया आहे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. खेकडे कमी झालेत हे उद्या ना परवा बाहेरच्या कुणाच्या तरी लक्षात येणार आहेच. तेव्हा दोष कुणाला देतील? समोर टोपली घेऊन उभी असलेली बाई दिसते. बांधावर मारलेलं तणनाशक दिसत नाही. वरच्या अंगाला फार्महाऊसवाल्याने अडवलेला झरा दिसत नाही. ओढ्यात ब्लिचिंग टाकून मासे मारणारी टोळी रात्रीची येऊन गेलेली असते. आपल्याकडे दहा वर्षांची वही असेल, की आम्ही अमुक जणी अमुक रात्री जात होतो, आमची टोपली पूर्वी इतकी भरायची, अमुक साली तणनाशक आलं आणि त्यानंतर खाचरातला खेकडा असा असा घटला, तर ग्रामसभेत आपण बोलू शकतो. वही नसेल तर दुसरं कुणी आपल्याबद्दल बोलेल.

माझं मत विचाराल तर भीतीपोटी गप्प राहण्यापेक्षा वही आपल्या हातात असलेली बरी. पण हे ठरवायचं तुम्ही, ग्रामसंघात बसून. मी तीन वर्षांनी बदलून दुसऱ्या तालुक्यात जाईन, ओढा तुमचा आहे.

लिहायचं ठरवलं तर कसं लिहायचं, तेवढं सांगते. वेगळी वही, शंभर पानी, पुरे. गटाच्या हिशोबाच्या वहीत घुसडू नका, लेखापरीक्षक ओरडतील. नाव लिहायचं ते आपल्या बोलीतलं, मुठा तर मुठा, किरवा तर किरवा. पुस्तकी नाव शोधत बसू नका, ते नंतर जाणकार माणूस लावेल. जागा लिहायची, ओढा, खाचर, कातळ, ढोली. महिना, नक्षत्र चालेल. मृगाच्या पहिल्या पावसाला बाहेर आला की आर्द्रात, ही नोंद सोन्यासारखी आहे. मग किती जणी गेलात, किती वेळ फिरलात आणि किती मिळाले.

या शेवटच्याकडे जरा लक्ष द्या. नुसतं 'मिळाले नाहीत' लिहून भागत नाही. हजेरीपत्रकात एखादी गैरहजर असणं वेगळं आणि त्या आठवड्यात बैठकच न होणं वेगळं, बरोबर? दोन्हीकडे सही नसते, पण अर्थ वेगळा. तसंच इथे. तिघीजणी बॅटरी घेऊन दोन तास फिरल्या आणि एकही खेकडा दिसला नाही, ही फार मोठी माहिती आहे. कुणी गेलंच नाही, ही माहिती नाही. श्रावणात बऱ्याच घरांत खात नाहीत म्हणून कुणी जात नाही, तर तसंच लिहा, 'श्रावण, गेलो नाही'. उद्या वाचणाऱ्याला वाटायला नको की श्रावणात खेकडे नाहीसे होतात.

फोटो काढायचा तर दोन, एक पाठीचा आणि एक पोटाचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. शास्त्रज्ञ खेकड्याची जात बऱ्याचदा नराच्या पोटाखालच्या अवयवावरून ओळखतात, म्हणून उलटा फोटो महत्त्वाचा. त्यासाठी खेकडा मारायची गरज नाही. पिल्लं पोटाला असलेली खेकडी असेल तर फोटोच्या नादात तिला फार वेळ उलटी ठेवू नका, सोडून द्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणी तिला तशाही सोडतात, हे मला माहीत आहे. तेही लिहा. 'पिल्लंवाली सोडली' ही पण नोंद आहे, आणि आपल्याकडे राखून खायची रीत होती याचा तो पुरावा आहे.

एक सावधगिरी. सगळंच सगळ्यांसाठी लिहायचं नसतं. खवल्या मांजर कुठे दिसलं, एखादी महागडी औषधी मुळी नेमकी कुठल्या दरीत आहे, हे गावाबाहेर जाणाऱ्या वहीत ठिकाणासकट लिहू नका आणि व्हॉट्सॲपच्या गटावर तर मुळीच टाकू नका. शिकारी आणि व्यापारी पण वाचतात. एखाद्या आजींचं औषध त्यांना सांगायचं नसेल तर त्यांच्यावर जोर करू नका, त्यांची माहिती त्यांची आहे.

आणि वही कोण लिहिणार म्हणून अडू नका. ज्यांना माहिती आहे त्या आज्यांना लिहिता येत नाही, ज्यांना लिहिता येतं त्या सुना ओढ्यावर जात नाहीत. दोघींना एकत्र बसवा. एका गटात हे करून बघितलं, तर सूनबाईंना लिहिता लिहिता सासूबाईंची पहिल्यांदाच एवढी मोठी गोष्ट ऐकायला मिळाली. सासूबाई मात्र म्हणत होत्या, नीट लिही गं, खाडाखोड करू नकोस.

पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीआधी प्रत्येक गावातल्या दोघींनी ग्रामपंचायतीत जाऊन जैवविविधता नोंदवही बघायला मागायची आहे. समितीवर कोणकोण महिला आहेत ती नावंही लिहून आणायची. वही कपाटात आहे, किल्ली साहेबांकडे आहे, असं उत्तर आलं तर तारीख टाकून लेखी अर्ज द्या, नमुना मी देते. वही मिळाली तर आधी मासे आणि खेकडे लिहिलेलं पान काढा, आणि त्यात काय आहे ते बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा.

बैठकीला येताना मुठ्यांना गेलेल्या आज्यांना बरोबर आणा. रिकाम्या वह्या मी घेऊन येते, पेनं तेवढी तुम्ही आणा, मागच्या वेळची माझी सगळी तुमच्याकडेच राहिलीत.